कंपनीला बायको नसते

थॅड कॉलियर दारातून आत येताना दिसला की मी आधी माझं टेबल आवरून घेते. नाहीतर तो सरळ कागदांवर बूड टेकवतो आणि बोलायला लागतो. एकदा सुरू झाला की कुणाच्या बापाला आवरायचा नाही.

"मिस ग्लेंडा, आज काय तेज आहे चेहऱ्यावर!"

"ताप आहे अंगात. खाली उतर."

उतरायचा. रागावणं त्याला माहीतच नाही. हातात कागदी पिशवी असायची, तिच्यात लेकमधल्या पर्च माशाचं तळलेलं सँडविच, माझ्यासाठी. मी म्हणायची, लाच देऊ नकोस. तो म्हणायचा, लाच कसली, आज शुक्रवार आहे, गावभर मासेच तळतात. आणि मी खायची. खरं सांगायचं तर मासा चांगला असायचा.

क्लीव्हलंडच्या पूर्व भागातल्या एका छोट्या टायटल कंपनीत मी नोकरी करते. कुणी घर विकायला काढलं की त्यावर कुणाकुणाचा हक्क आहे, कर थकलाय का, कुठलं जुनं कर्ज चिकटलंय का, ते आम्ही शोधायचं. घेणाऱ्याचे पैसे आमच्याकडे ठेवायचे, सह्या झाल्या की ज्याचे त्याला द्यायचे. सह्या मी घेते. शिक्का माझा. माझं तोंड खराब आहे असं इथले सगळे म्हणतात, पण माझ्या टेबलावर झालेला व्यवहार कधी मोडून परत आलेला नाही.

थॅडचा धंदा सांगायला सोपा आणि पचायला जड. विजेच्या खांबांवर तो हाताने लिहिलेल्या पाट्या ठोकायचा, 'घर घेतो, रोख', खाली फोन नंबर. ज्यांना आपलं घर डोईजड झालंय अशी माणसं फोन करायची. थॅड जायचा, त्यांच्या पोर्चवर बसायचा, चहा-कॉफी घ्यायचा, पोर्चची फळी निखळलेली असेल तर बोलता बोलता ठोकून द्यायचा, आणि निघताना करार घेऊन निघायचा, की हे घर अमुक किमतीला मी घेईन. आणि घ्यायचा नाही! तोच करार चढ्या भावात दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा. मधला फरक थॅडचा. कायद्यात बसतं. मला नाही आवडत, आणि ते मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

"तू घर घेणारा नव्हेस, थॅड. तू दोन दारांमधली फट आहेस."

"फटीतूनच वारा येतो, मिस ग्लेंडा," असं म्हणून हा हसायचा.

आधी तो गाद्यांच्या दुकानात होता, लोकांच्या घरी गाद्या पोचवायचा. जिन्यावरून गादी चढवताना म्हणे त्याला घरांची नाडी कळायला लागली. मग कुठल्याशा हॉटेलच्या हॉलमध्ये घरांच्या धंद्याचा दोन दिवसांचा वर्ग भरला होता तो त्याने केला आणि नोकरीवर लाथ मारली. माणूस लबाड नव्हता, हे मात्र मी शपथेवर सांगेन. म्हाताऱ्यांना फसवून कवडीमोलाने घर लाटणारे मी पाहिलेत, त्यांना मी दारात उभं करत नाही. थॅड बरा भाव द्यायचा, म्हणून तर त्याच्या हाती फारसं उरायचं नाही. एका न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहायचा, एकटा. लग्नाचं त्याने कधी काढलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

विचारायची वेळ आली ती मिस अर्नेस्टीनच्या घरामुळे.

मिस अर्नेस्टीन म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म घालवलेली बाई. खुबा निकामी झालेला. झोपायची खोली खाली, मोरी वर. रात्रीअपरात्री त्या जिन्यावर बसून एकेक पायरी सरकत वर जायची. तिच्या बहिणीच्या इमारतीत, वृद्धांसाठीची सरकारी मदतीची जागा आहे तिथे, तळमजल्यावर एक खोली तिच्या नंबरावर आली होती. किती वर्षं वाट पाहिली होती त्या नंबराची! अट एकच, की नावावर राहतं घर असता कामा नये. मार्च लागायच्या आत घर विकलेलं पाहिजे. नाही विकलं तर खोली पुढच्या माणसाला, आणि हिचा नंबर पुन्हा शेपटाला.

थॅडची आई ल्यूला आणि मिस अर्नेस्टीन चर्चमध्ये एकाच रांगेत उभ्या राहून गायच्या. त्यामुळे तिने पाटीवरचा नंबर नाही लावला, थेट निरोप धाडला की ल्यूलाच्या पोराला म्हणावं ये. पुढचं मला मिस अर्नेस्टीनच्याच तोंडून कळलं. थॅडने करार पुढे केला तशी तिने चष्मा लावला.

"ही कंपनी कोण रे, घेणाऱ्याच्या जागी?"

"मीच की, मिस अर्नेस्टीन. माझीच कंपनी आहे."

"मग तुझं नाव लिही. मी घर ल्यूलाच्या पोराला देतेय, कंपनीला नाही. कंपनीला मी ओळखत नाही."

थॅडने नाव बदललं.

"आणि हे काय, 'किंवा तो सांगेल त्याला'? हा सांगेल तो कोण?"

"ते आपलं नेहमीचं असतं, मिस अर्नेस्टीन."

"खोड."

थॅडने खोडलं. खोडताना त्याच्या जिवाचं पाणी झालं असणार, कारण त्या एका ओळीवर त्याचा सगळा धंदा चालायचा. ती ओळ गेली म्हणजे करार दुसऱ्याला देता येईना. पण आईची मैत्रीण समोर बसलेली, तिला काय बोलणार? तिच्या हातचा पीच कॉब्लर खाऊन मुकाट घरी आला.

तरी त्यातून वाट होती. घर आधी थॅडने घ्यायचं आणि त्याच बैठकीत पुढे विकायचं. दोन व्यवहार, एकाच सकाळी, एकाच टेबलावर. पुढच्याच्या पैशांत दोन्ही भागतात. आमच्याकडे हे होत असतं. थॅडने घेणारा शोधला, दुसऱ्या राज्यातला कुणी, कर्ज काढून घरं घेणारा. त्याच्या कर्जवाल्याने थॅडचं नाव विकणारा म्हणून धरून सगळी फाइल मंजूर केली. फेब्रुवारी अर्धा सरला होता. सगळं सुरळीत. मी फाइल उघडली आणि सवयीने विचारलं,

"लग्न झालंय का रे?"

"नाही." मग जरा वेळाने, "म्हणजे झालं होतं."

"होतं म्हणजे काय? फारकत झालीय?"

थॅड कॉलियर गप्प बसलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"थॅड, मी काय विचारतेय?"

"वेगळे राहतो. दोन वर्षं झाली. वॉनेटाने फारकतीचे कागद तयार ठेवलेत, दोघांच्या सह्या झाल्या की कोर्टात जातील. मी... माझी सही राहिलीय."

आमच्या ओहायोत एक जुना कायदा आहे, बाकीच्या राज्यांनी कधीच गुंडाळून ठेवला, आम्ही अजून डोक्यावर घेऊन हिंडतो. घर एकट्या नवऱ्याच्या नावावर असलं तरी बायकोचा त्यात हक्क असतो, आणि बायकोच्या घरात नवऱ्याचा. विकताना दोघांची सही लागते. नवऱ्याने ते घर पन्नास वर्षं सांभाळलेलं असो की अर्धा तास, कायद्याला त्याचं सोयरसुतक नाही.

"अरे गाढवा," मी ओरडलेच, "स्वतःच्या नावावर करार कशाला केलास? कंपनीच्या नावावर केला असतास तर हे लचांड नसतं. कंपनीला बायको नसते!"

"तिने लिहू दिलं नाही ना."

"मग मला तरी विचारायचं होतंस!"

पुढचे दोन दिवस मी डोकं खाजवलं, देवाशप्पथ. घेणाऱ्याने थेट मिस अर्नेस्टीनकडून घ्यावं? कर्जवाला म्हणाला, विकणाऱ्याचं नाव बदललं तर फाइल पहिल्यापासून, महिना तरी धरा. रोख पैसेवाला बघावा? थॅडने ओळखीतले सगळे पालथे घातले, इतक्या घाईत कुणी हात पुढे करेना. थॅडने आधी स्वतः घेऊन ठेवावं? त्याच्या खिशात दमडी नव्हती. करार मोडावा? मोडला तर मिस अर्नेस्टीनची खोली गेली. प्रत्येक दार मी हलवून पाहिलं. उघडं होतं ते एकच, आणि त्याच्यामागे वॉनेटा उभी होती.

"तुम्हीच फोन करा ना तिला," थॅड म्हणाला. "माझा नंबर पाहून ती उचलत नाही."

वॉनेटा शहराची बस चालवायची. दुसऱ्या दिवशी गणवेशातच आली, बुटांना बर्फ तसाच. उंच, शांत बाई. थॅड कोपऱ्यातल्या खुर्चीत अंग चोरून बसला होता. मी सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे मी सही केली नाही तर ही म्हातारी अडकली," ती म्हणाली.

"हो."

"आणि हा पण."

"तो पण."

वॉनेटाने खांद्यावरच्या पिशवीतून एक पाकीट काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. "हे गेली दोन वर्षं माझ्याबरोबर बसमधून फिरतंय. कधी ह्याची गाडी बंद पडते, कधी चष्मा हरवतो, कधी ह्याला खोकला होतो. गावभर लोकांच्या पोर्चवर बसून सह्या काढतो, बायकोच्या कागदाला मात्र हात लावत नाही. मी घराच्या कागदावर सही करते, मिस ग्लेंडा. त्याने ह्या फारकतीच्या कागदांवर करावी. एकाच टेबलावर."

"वॉनेटा, अगं, हे त्याच्याशी कशाला जोडतेस?" थॅड म्हणाला. "ती बिचारी म्हातारी..."

"तिला पुढे करू नकोस! मी तिच्यासाठीच सही देतेय. तू कुणासाठी अडवून बसलायस?"

ती माझ्याकडे वळली. चिडलेली नव्हती, थकलेली होती. चिडलेल्या माणसाला समजावता येतं.

"चौदा वर्षं संसार केला. पाच भाड्याची घरं. दर वेळी ट्रकमध्ये सामान चढवताना म्हणायचा, वॉन, पुढचं आपलं. घराच्या पहिल्या हप्त्यासाठी मी जादा पाळ्या करून साठवलेले पैसे ह्याने त्या हॉटेलातल्या वर्गात आणि पाट्यांत घातले. वाईट नाही हो माणूस. पण मला वाट बघायचा कंटाळा आला."

ती गेल्यावर थॅड त्याच खुर्चीत बसून राहिला. मला कामं होती, पण त्याला उठवायला जीभ रेटेना.

"सही नाही केली तोवर मी तिचा नवरा आहे, मिस ग्लेंडा," तो म्हणाला. "निदान कागदावर तरी."

"आणि ती? ती कागदावर काय आहे? कोंडलेली बाई."

"मी तिला कोंडलेलं नाहीये."

"मग दुसरं काय केलंयस?"

हे मी जरा जास्तच बोलले, पण मागे घेतलं नाही. माझा राग त्याच्यावर होता, त्या कायद्यावर होता, आणि थोडा तिच्यावरही, कारण तिचं बरोबर होतं. त्या दिवशी थॅड बाय न म्हणता गेला.

फेब्रुवारीचा शेवटचा दिवस शुक्रवारीच आला. मिस अर्नेस्टीन सकाळी ऑफिस उघडायच्या आधी हजर. डोक्यावर चर्चला घालायची जांभळी टोपी, अंगात कोट. बाहेर तिच्या भाच्याचा ट्रक सामानासकट उभा, इंजिन चालूच. तिची सही आधी घेतली. थॅड तिच्या शेजारी उभा राहून पानं उलटत होता. सही झाली, मी शिक्का मारला, आणि घर थॅडचं झालं. पण पुढचे पैसे सुटल्याशिवाय तिचे पैसे सुटणार नव्हते, आणि तोवर ह्यातलं काहीच पक्कं नव्हतं. तिला मी बाहेरच्या खोलीत हीटरशेजारी बसवलं, कॉफी दिली.

"आता किती वेळ, बाई? दुपारपर्यंत तिथली चावी घेतली नाही तर ते लोक दुसऱ्याला बोलावतील."

"होतंच आलंय, मिस अर्नेस्टीन."

आतल्या खोलीत आम्ही तिघंच. मी, थॅड, वॉनेटा. दुसऱ्या व्यवहाराचा कागद मी वॉनेटासमोर ठेवला. तिने तो वाचला. सहसा कुणी वाचत नाही, कुठे सही करू एवढंच विचारतात.

"'थॅडियस कॉलियर आणि त्याची पत्नी वॉनेटा'," तिने मोठ्याने म्हटलं. "मिस ग्लेंडा, आत्ता ह्या घडीला हे घर कुणाचं आहे?"

"थॅडचं."

"आणि माझा त्याच्यात हक्क आहे."

"आहे."

"म्हणजे आमचं आहे."

"तू सही करेपर्यंत," मी म्हटलं.

ती हसली. कडवट नाही, आश्चर्य वाटल्यासारखी. "बघ रे. झालं शेवटी घर. मी पाहिलंसुद्धा नाही ते."

थॅड एकदम पुढे सरकला. "छान आहे, वॉन. तीन खोल्या वर, समोर मोठा पोर्च, मागे सफरचंदाचं झाड आहे, छप्पर नवं घातलेलं, आणि शेजार..."

"थॅड. मला घर विकू नकोस."

तो थांबला. खोटं कशाला सांगू, त्या वेळी माझ्या मनात येऊन गेलं की ठेवा रे ते पेन खाली दोघंही, जा, बघून तरी या ते घर. पण पैसे दुसऱ्याचे, घर दुसऱ्याचं ठरलेलं, आणि बाहेर ती म्हातारी कोटाची बटणं लावून बसलेली. मी शिक्का जवळ ओढला.

"स्वखुशीने सही करतेयस ना?" मी वॉनेटाला विचारलं. विचारावंच लागतं, नाहीतर शिक्का मारता येत नाही.

"हो." तिने सही केली आणि पाकिटातले कागद त्याच्यासमोर सरकवले.

थॅडने पेन उचललं. मी त्यालाही विचारलं, "स्वखुशीने करतोयस ना, थॅड?"

त्याने पेनाचं टोपण लावलं, परत काढलं.

"मला ऐकू आलं पाहिजे."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर मी शिक्का मारणार नाही. आणि वॉनेटा आपला कागद उचलून नेईल."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर चुकवली नाही. बाहेरून मिस अर्नेस्टीनची काठी फरशीवर टकटक वाजत होती, ती उठून खिडकीशी गेली असावी, ट्रक बघायला. थॅडने मान खाली घातली.

"स्वखुशीने," तो म्हणाला.

असलं 'स्वखुशीने' मी ह्या टेबलावर कधी ऐकलं नव्हतं. त्याने सही केली. मी शिक्का मारला. कायद्याने मी विचारलं, त्याने सांगितलं, माझं काम संपलं. मला रडू येत होतं आणि त्याचा मला भयंकर राग आला होता.

पैसे सुटल्याचा बँकेचा निरोप आल्यावर मी दार उघडून मिस अर्नेस्टीनला सांगितलं, झालं, निघा आता. तर ती बाहेर जायच्या ऐवजी काठी टेकत आत आली. थॅडला तिने एका हाताने कवेत घेतलं, मग तिची नजर वॉनेटाकडे गेली.

"ही तुझी बायको का रे?"

थॅडने टेबलावरचे कागद गोळा करायला घेतले.

"हो, मी वॉनेटा," वॉनेटा म्हणाली.

"म्हटलंच मी! ल्यूला सांगायची, सून उंच आहे म्हणून." म्हातारीने कोटाच्या खिशातून चाव्यांचा जुडगा काढला आणि वॉनेटाच्या हातात घालून तिची मूठ वरून दाबली. "परक्याला द्यायचं नव्हतं मला. म्हणून तर कंपनीबिंपनी सगळं खोडायला लावलं. आता माझा जीव शांत झाला बघ. सकाळचं ऊन स्वयंपाकघरात येतं, टेबल खिडकीशी ठेव. आणि मागचं दार उन्हाळ्यात फुगतं, बाळा. जरा उचलून लावावं लागतं."

मी थॅडकडे पाहिलं. तो भिंतीकडे पाहत होता. घर आजच पुढे विकलं जातंय, हे म्हातारीला त्याने कधी सांगितलंच नव्हतं.

वॉनेटाने मूठ सोडवून घेतली नाही. "उचलून लावीन, मिस अर्नेस्टीन," ती म्हणाली.

म्हातारी भाच्याच्या आधाराने ट्रकमध्ये चढली, खिडकीतून हात हलवला आणि गेली. ट्रक वळणापाशी दिसेनासा होईपर्यंत वॉनेटा हातात चाव्या घेऊन उभी होती. मग तिने त्या माझ्या टेबलावर, घेणाऱ्याच्या नावाच्या पाकिटाशेजारी ठेवल्या, गणवेशाची टोपी घातली आणि आपल्या पाळीवर निघून गेली.